एकाच घरातल्या दोन स्टीना

मावशी, त्या बुधवारी तुम्ही हॉस्पिटलच्या पलंगावरून मला विचारलंत, "काय गं, तोंड का पाडलंयस?" आणि मी म्हटलं, "काही नाही, डोकं दुखतंय." माझं डोकं दुखत नव्हतं. आदल्या दिवशी घरी तुमच्या कॉम्प्युटरवर मी एक पान पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "गोळी घे, पण उपाशीपोटी घेऊ नकोस." स्वतःच्या नाकात ऑक्सिजनची नळी, आणि जन्मभराची डॉक्टरकी माझ्यावर चालू. मी घेतली गोळी. खोटं खरं दिसावं म्हणून न दुखणाऱ्या डोक्यावर घेतली.

त्यानंतर तुम्ही एकोणीस दिवस होतात. एकोणीस दिवसांत मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. आज तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले, आणि येत्या रविवारी तुमची लेक मीरा तुमच्या आणि निल्सकाकांच्या अस्थी घेऊन स्वीडनला निघालीय. ज्या गावाला ती चाललीय ते काकांचं गाव नाही. कुणा परक्यांचं आहे. हे या घडीला सगळ्या जगात फक्त मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलेय. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला काही सुचत नाही, ही सवय तुम्हीच लावलीत.

काकांना मी पाहिलेलं नाही. मी तुमची देखभाल करायला कामाला आले तेव्हा ते दिवाणखान्यातल्या कपाटात, कोटांच्या मागे, लाकडी डब्यात होते. पहिल्याच दिवशी कोट टांगताना माझा हात त्या डब्याला लागला तर तुम्ही म्हणालात, "जपून. नवरा आहे तो माझा." मी किंचाळले. तुम्ही हसून हसून खुर्चीत बसलात. मग सांगितलंत की काकांची आजी, स्टीना, सोळा-सतराव्या वर्षी स्वीडनमधून एकटी बोटीनं इकडे कॅनडात आली. कुठल्या गावाहून, ते घरात कुणालाच माहीत नाही. तिच्या बापाचं नाव पेर ओल्सन, आईचं ब्रीटा, एवढंच तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात धड वाचता येण्यासारखं. आणि मरताना काकांनी तुमच्याकडून कबूल करून घेतलं होतं की मला आजीच्या गावी ठेव. "पुण्याचा असता तर एका दिवसात नेऊन पोचवला असता," तुम्ही म्हणालात. "पण ह्याचं गावच सापडेना. बारा वर्षं कोटांच्या मागे बसवून ठेवलाय बिचाऱ्याला."

गाव शोधायचं म्हणजे चर्चच्या जुन्या वह्या वाचायच्या. जन्माची वही, मरणाची वही, घरोघरच्या माणसांची वही. सगळ्या पानांचे फोटो कॉम्प्युटरवर फुकट बघायला मिळतात, पण तुमच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडलेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. तुम्ही मला खुर्ची ओढून दिलीत.

"मावशी, मी सातवीत शाळा सोडलीय. मला इंग्रजी धड वाचता येत नाही, आणि हे कुठलं वाचू?"

"हे इंग्रजी नाहीच मुळी. म्हणजे तू आणि मी सारख्याच अडाणी. बस."

मी बसले. मला भाषा येत नव्हती म्हणून मी अक्षरं चित्रासारखी बघायची. हा शेपटीवाला, हा पोट फुगलेला, ही दोन टिंबं डोक्यावर. तुम्ही सांगायचात, "टिंबंवाला शब्द कसा दिसतो ते हवेत काढून दाखव," आणि मी बोटानं काढायची. जन्माला काय म्हणतात, मरणाला काय, अमेरिकेला गेला हे कसं लिहितात (कॅनडाही त्यांच्या लेखी अमेरिकाच), हे नजर होती तेव्हा तुम्ही पाठ केलेले शब्द मी देवनागरीत वहीत उतरवले. स्टीना पेर्सडॉटर म्हणजे पेरची मुलगी स्टीना, हे कळल्यावर मी म्हटलं, "हे तर आपल्यासारखंच झालं, नावापुढे बापाचं नाव."

"आणि लग्नानंतरही बापाचंच. नवऱ्याचं नाही लावायच्या."

"शहाण्या होत्या बायका."

"अगं, शहाण्या म्हणजे! हे बघ, पाद्री दरवर्षी घरोघर जाऊन वाचायची परीक्षा घ्यायचा. ह्या खुणा म्हणजे मार्क. शेतमजुराची पोर, पण तिला वाचता येतं की नाही ते वहीत लिहिलेलं आहे. तुझ्या नावापुढे पाद्र्यानं काय लिहिलं असतं?"

"नापास."

"मग दहावीला कधी बसतेस?"

"बर्फ वितळलं की."

"मागच्या वर्षीचं वितळलं, परत पडलं. आता ह्या वर्षीचं शोव्हल करायची वेळ आली."

हे भांडण आपलं दर आठवड्याला व्हायचं. आपल्या कनाटा उपनगरातल्या लायब्ररीतून तुम्ही मोठ्या माणसांच्या शाळेचा फॉर्म आणून फ्रीजवर चिकटवलात. मी त्याच्यावर ग्रोसरीची यादी लावायची. तुम्ही यादी काढून खाली लावायचात. आता ती यादी कुणी काढत नाही.

पण मी मुद्द्याचं टाळतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वळसे नको, दुखतंय कुठे ते सांग."

पहिल्या हिवाळ्यात आपल्याला डोंगराकडच्या एका गावात पेर ओल्सन सापडला. बायको ब्रीटा, तीन मुलगे, आणि शेवटच्या ओळीवर मुलगी, स्टीना. मी ओरडलेच. पण तिच्या नावावरून आडवी रेघ मारलेली होती. मी ते तुम्हाला सांगितलं तशा तुम्ही म्हणालात, मरणाची वही काढ. तिथं ती होती. वय एक वर्ष आठ महिने. कशानं गेली त्या शब्दाची अक्षरं मी हवेत काढली, तुम्ही म्हणालात, "डांग्या खोकला. लस नव्हती गं तेव्हा."

मी म्हटलं, "मग ही आपली नाही. गेलेली पोर कॅनडात कशी येईल?"

तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे."

वही तिथंच संपत होती. पुढच्या वर्षांची दुसरी वही होती, ती उघडायला एक बोट लागलं असतं. मला सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नाही. का सुचलं नाही ते मला आता कळतंय, आणि ते कळून जास्त भीती वाटते. माझ्या आधी माझ्या आईची दोन बाळं गेली. म्हणून माझं नाव धोंडाबाई. दगड आहे, इथं नेण्यासारखं काही नाही, असं मरणाला वाटावं म्हणून. तुम्हाला हे सांगावं लागलं नव्हतं. तुमच्या मामांना घरात भिकू म्हणायचे ते त्याचसाठी. आपल्यात गेलेल्या बाळाचं नाव घरात पुन्हा उच्चारत नाहीत. ज्या घरातली स्टीना गेली त्या घरात परत स्टीना असेल, हे तुमच्या-माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. इथली कुणी गोरी बाई असती तर तिनं सहज पुढची वही उघडली असती. आपण दोघी घरच्याच भुतांना भ्यायलो आणि ते दार लावून घेतलं.

मग दुसऱ्या हिवाळ्यात तळ्याकाठचं गाव सापडलं. तिथंही पेर ओल्सन, तिथंही ब्रीटा, तिथंही स्टीना. आणि तिच्यापुढे खूण, घर सोडून गेली. कुठं गेली ते शाई पसरल्यामुळं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "गेली म्हणजे अमेरिकेलाच गेली." मीच म्हटलं. तुम्ही मला टेबलाशी उभं करून माझा हात वर धरलात, कुस्ती जिंकल्यासारखा. त्या दिवशी आपण शिरा केला. तुम्ही कपाट उघडून डब्याला सांगितलंत, "निल्स, धोंडाबाईनं तुझं गाव शोधलं बरं का."

तिथल्या चर्चला पत्र गेलं. चर्चमागे झाडांखाली अस्थी ठेवायची जागा असते, तिथं हरकत नाही असं उत्तर आलं. आणि मग तुम्ही मीराला फोनवर म्हणालात, माझ्याही तिथंच ठेव, पुण्यात आता माझं कोण उरलंय. मी कांदा चिरत होते. सुरी थांबली माझी.

आता तो मंगळवार. तुमचे गाऊन घ्यायला मी हॉस्पिटलमधून घरी आले होते. कानात तुमचा खोकला भरलेला, आणि त्या खोकल्यानं मला ती पहिली पोर आठवली, रेघ मारलेली. तिची मला सवय झाली होती. मधूनमधून मी तिचं पान उघडून बघायची, कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही उघडलं. वही संपली आणि मला वाटलं, तिच्या भावांचं पुढं काय झालं ते तरी बघू. म्हणून पुढची वही उघडली.

तेच घर. पेर, ब्रीटा, तीन मुलगे, आणि खाली स्टीना.

मावशी, मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकले. भर दुपार होती, बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं, आणि मला वाटलं ती परत आली. मग जन्माची वही काढली. पहिली गेल्यावर चौदा महिन्यांनी झालेली दुसरी मुलगी. त्यांनी तिला तेच नाव दिलं होतं. शेजारच्या घरांची पानं बघितली. दोन आन्ना, दोन कार्ल. वरच्यावर रेघ, खालचा जिवंत. इतके महिने मी ते बघत होते आणि पाद्र्यानं चुकून दोनदा लिहिलं असेल म्हणून पुढं जात होते. त्यांची रीतच होती ती. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसं त्यांच्यात गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला.

दुसऱ्या स्टीनाच्या ओळीवर वाचनाची चांगली खूण होती. आणि शेवटी, स्वच्छ शाईत, आपल्या वहीतल्या शब्दासारखा हुबेहूब शब्द. अमेरिकेला गेली. वय सोळा.

मग तळ्याकाठच्या स्टीनाचीही पुढची पानं काढली. ती कुठंच गेली नव्हती. पलीकडच्या शेतावर लग्न होऊन गेली, तिथंच म्हातारी होऊन वारली.

त्या दिवशी तुम्हाला का नाही सांगितलं? एक कारण चांगलं आहे, ते आधी सांगते. तुम्ही नर्सला सांगत होतात की मी नवऱ्याच्या गावाला जाणार आहे. तुमचा चेहरा असा उजळायचा की मला तो विझवायचा नव्हता. दुसरं कारण तितकं चांगलं नाही. इथं कायम राहायच्या माझ्या पक्क्या कागदासाठी मीराताई पत्र देणार होत्या, की बाई भरवशाची आहे. ते पत्र मिळालं तर पुढंमागं बार्शीहून लेकीला इकडे आणता येईल. मला वाटलं, एवढी मोठी चूक कळल्यावर भरवशाची कोण लिहील? आणि तिसरं. मी वाचलेलं खरं मानणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं होतं. ते माणूस जायच्या आधी त्याला सांगायचं, की मी चुकीचं वाचलं?

एवढ्यावर थांबते. आत्ता गाडी लागली बाहेर. मीराताई टोरोंटोहून आल्या वाटतं.

*

हे वरचं लिहून वही मिटली होती, मावशी. आज चार दिवसांनी पुढचं लिहितेय.

त्या आल्या त्याच तुमच्यासारखा धाडकन दरवाजा लोटत. मला मिठी मारली. "डिड यू ईट समथिंग? खाल्लं का काही?" मी भाकरी टाकली होती. त्या उभ्यानंच खात होत्या आणि रविवारच्या बॅगेचं बोलत होत्या. एअरलाइनला डब्यांचे कागद दाखवावे लागतात, दोन डबे हातातल्या बॅगेत मावतील का, असं. मी चहा गाळत होते. मी मनाशी ठरवलं होतं की आधी पत्राचं निघू दे, मग सांगू. आणि तेवढ्यात त्यांनी कपाटातून काकांचा डबा काढला, त्यावरची धूळ बाहीनं पुसली, आणि माझ्या तोंडून गेलं, "ताई, त्यांना तिकडे नेऊ नका."

"व्हॉट? कुठे?"

"त्या तळ्याच्या गावाला. ते गाव काकांचं नाही. मी चुकले."

त्यांना कळेपर्यंत मला तीनदा सांगावं लागलं. मराठी त्यांना कळतं, पण मी रडत बोलत होते, ते कुणाला कळणार. शेवटी त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"तुला?"

"मला होतं."

"सिन्स व्हेन?"

"महिना होत आला."

त्या कोट न घालता बाहेर गेल्या आणि ड्राइव्हवेत उभ्या राहिल्या. उणे अठरा होतं. मी काचेतून बघत होते. मनात बॅग भरून झाली माझी. कुणाकडे जाऊन राहायचं, मिसिसागाला आधी कामाला होते त्या घरी दोन रात्री ठेवतील का, सगळं करून झालं. तरी मी त्यांचा कोट घेऊन बाहेर गेले. त्यांनी तो हातातून घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

"शी वॉज सो हॅपी," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं असतंस तर नसती."

ही माफी होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. मावशी, तुम्हाला काय हवं होतं? खरं गाव की ते एकोणीस दिवस? मी ते तुमच्या वतीनं ठरवून टाकलं. पेशंटपासून लपवू नये म्हणणाऱ्या तुम्ही. ह्यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं आणि मी हरले असते. ते हरणंसुद्धा मला आता मिळायचं नाही.

आत येऊन त्या म्हणाल्या, "शो मी."

मी तुमच्या खुर्चीत बसले नाही, शेजारच्या माझ्या खुर्चीत बसले. पानं एकेक करून दाखवली. हा पेर. ही ब्रीटा. ही रेघ. ही दुसरी. हा शब्द अमेरिका. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांना एकही अक्षर लागत नव्हतं. बँकेत एवढ्या मोठ्या पदावर असलेली बाई माझ्या बोटामागून डोळे फिरवत होती.

"आर यू शुअर?"

"मागच्या वेळीही मी हो म्हटलं होतं, ताई."

"मी ते नाही विचारलं."

मागच्या वेळी हो म्हणताना माझ्यामागे तुम्ही होतात. ह्या वेळी माझ्यामागे तुमची रिकामी खुर्ची. मी म्हटलं, "एक तास द्या." आणि परत पहिल्यापासून सगळं बघितलं. प्रार्थनेच्या पुस्तकात बाप्तिस्म्याच्या साक्षीदार बाईचं नाव होतं, फिकट, ते आपण कधी पडताळलंच नव्हतं. जन्माच्या वहीत दुसऱ्या स्टीनापुढे साक्षीदारांची नावं काढली. तीन नावं. तिसरं तेच. अक्षर अन् अक्षर तेच.

मी म्हटलं, "हो."

रविवारचं तिकीट पुढं ढकललं. डोंगराकडच्या गावाच्या चर्चला ताईंनी ईमेल लिहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म आला. पत्राचं ना त्यांनी काढलं, ना मी विचारलं. रोज त्यांचा फोन आला की वाटतं, आता त्या पत्राचं काढतील.

फॉर्म आम्ही स्वयंपाकघरात बसून भरला. मयत व्यक्तीचं ह्या गावाशी नातं काय, अशी ओळ होती. काकांचं सोपं होतं. पेर आणि ब्रीटाच्या स्टीनाचा नातू, अमक्या शेतावरचा. तुमच्या फॉर्मवर ताईंचं पेन थांबलं.

"आई तिथली नाहीच. तिचं काय लिहू?"

"नातसून."

"म्हणजे?"

"नातवाची बायको. घरातलीच."

त्यांनी इंग्रजी अक्षरांत तसंच लिहिलं, आणि मग कंसात समजावून. समजावताना त्यांना रडू आलं. मीही पातेलं घासायचं निमित्त करून पाठ फिरवली.

उत्तर अजून यायचं आहे. ताई टोरोंटोला परत गेल्या. जाताना दारात बूट घालता घालता म्हणाल्या, "उत्तर येईपर्यंत दोघांना तू सांभाळ." मी मान हलवली. कोटांच्या मागे नाही ठेवलं तुम्हाला. खिडकीपाशी टेबलावर आहात, शेजारी काका. त्या गावातली कुणी बाई उद्या आमचा फॉर्म उघडेल, माझ्यासारखीच वही काढेल, माझ्या ओळीवर बोट ठेवेल. तिला काय सापडेल ह्या भीतीनं मी ती पानं रोज पुन्हा उघडून बघते. तरी ताईंनी परत विचारलं तर मी हो म्हणणार आहे, मावशी. एकदा मी तुम्हाला परक्या घरी धाडायला निघाले होते, दुसऱ्यांदा तसं होऊ देणार नाही.